सिली हेस्टरचा केक

हेस्टरबाईंचे आभार चारचौघांसारखे मानायचे नाहीत, हे अँब्रोज पेटिफरने प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवूनच ठरवलं होतं. तो जिन्यावरून गडगडल्यापासून शेजारच्या हेस्टर ट्रँटर रोज बर्फ तुडवत त्याला गरम सूप आणून देत होत्या. पडल्या पडल्या त्याने घरातला जाडजूड शब्दकोश वाचायला घेतला आणि त्यात त्याला घबाड सापडलं. आज ‘सिली’ म्हणजे बावळट. पण हजार वर्षांपूर्वी याच शब्दाचा अर्थ होता धन्य, पुण्यवान!

पाय मोकळा होताच त्याने हेस्टरबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाचा केक सांगून टाकला.

“‘आमच्या सिली हेस्टरला’, असंच लिहायचं?” बेकरीवाल्या ग्विलिमने पुन्हा विचारलं.

“अगदी ठळक!”

“बघा बुवा. केक परत घेत नसतो मी.”

गावच्या सभागृहात खोक्याचं झाकण उघडलं आणि सगळ्यांनी केकवरची अक्षरं वाचली.

“बावळट?” हेस्टरबाई म्हणाल्या. “मी?”

“अहो, मूळ अर्थ पुण्यवान!” अँब्रोज घाईघाईने म्हणाला. “मग लोक निष्पाप माणसाला सिली म्हणायला लागले, मग बिचाऱ्याला, मग दुबळ्याला, मग...” पुढचा अर्थ आठवून त्याने जीभ चावली.

“थांबलात का? ह्यातली मी नेमकी कुठली?”

“तुम्ही... तुम्ही फार नाइस आहात हो!”

“गंमत म्हणजे,” गावचे पाद्रीबाबा उत्साहाने पुढे सरसावले, “‘नाइस’चा मूळ अर्थसुद्धा मूर्ख, अडाणी!”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. अँब्रोजची कानशिलं तापली. पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे पळालं.

“मला नाही बोलता येत,” तो म्हणाला. “तुम्ही दार वाजवायचात ना, तेवढ्यासाठी मी सकाळी दाढी करायचो. नाहीतर उठलोच नसतो. थँक यू, हेस्टरबाई.”

हेस्टरबाईंनी चष्मा काढून पुसला.

“हे आधी सांगायला काय झालं होतं? मीठ कमी म्हणून कुरकुरणाऱ्या माणसासाठी घसरत घसरत सूप आणणारी बाई सिलीच की, दोन्ही अर्थांनी! कापा आता केक.”

पाद्रीबाबांनी घसा खाकरला. “तसं पाहिलं तर ‘थँक’ हा शब्दसुद्धा मुळात...”

हेस्टरबाईंनी पहिला, भलामोठा तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला.