दाराची कुरकुर आणि दोन कान

"जावईबापू, आणखी चहा देऊ का?" असे सासूबाईंनी पुन्हा पुन्हा विचारूनही जावयाची मान वळली नाही, पापणी लवली नाही, आणि हातातला कप ज्या उंचीवर होता त्याच उंचीवर थांबून राहिला. एखाद्या शिल्पकाराने मूर्ती पुरी करून नुकतेच हात धुवायला जावे, तसा तो स्वयंपाकघरातल्या मेजापाशी बसला होता. सासूबाई त्याच्या समोर आल्या, वाकल्या, आणि तेव्हा त्यांना दिसले, की त्याच्या दोन्ही कानांत काळी बोंडे बसवलेली आहेत आणि त्यांची बारीक तार मानेमागून सदऱ्याच्या खिशात उतरली आहे. त्या मागे सरल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; तिथे करुणा दाटून आली होती.

जावई व्यवसायाने ध्वनिमुद्रक होता. ती बोंडे म्हणजे दोन सूक्ष्म मायक्रोफोन होते. कानांत काही घालायचे ते ऐकण्यासाठी, असा सर्वसाधारण समज असतो. येथे मात्र व्यवहार उलटा होता. जे ध्वनी मनुष्याच्या कानांशी येतात ते, डावे डाव्या बाजूने आणि उजवे उजव्या बाजूने, मार्गातच टिपून घ्यावेत अशी ती योजना होती. असे मुद्रण हेडफोन लावून ऐकणाऱ्यास आपण त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसलो आहोत असे वाटते. परंतु या विद्येचे व्रत कठीण आहे. मान वळवली तर ऐकणाऱ्याभोवती सगळी खोली फिरते. आवंढा गिळला तर विहिरीत दगड पडावा तसा नाद उमटतो. आणि बोलायचे तर नावच काढू नये.

एका दिग्दर्शिकेने श्राव्य नाटकासाठी त्याच्याकडे घरातली एक सकाळ मागितली होती. दीर्घ काळाने माहेरी परतलेली नायिका मेजापाशी बसते आणि घर ऐकते, असा तो प्रसंग होता. गळणारा नळ, कुरकुरणारे दार, घड्याळ आणि दोन माणसांचे हळू आवाजातले साधे बोलणे एवढेच तिला हवे होते, आणि तेही शनिवारपर्यंत. त्याने स्वतंत्रपणे स्वीकारलेले हे पहिलेच काम होते. ते साधले तर पुढचे संपूर्ण नाटक त्याच्याकडे येणार होते. न साधले तर लग्नसमारंभांत माइक धरून उभे राहणे होतेच. स्वतःच्या इमारतीत दुरुस्तीची ठोकाठोक चालू असल्यामुळे तो पत्नीसह काही दिवस सासुरवाडीस आला, आणि पाहतो तो नळ, दार, घड्याळ सारे तिथे सिद्ध होते. हळू आवाज तेवढा नव्हता. सासऱ्यांचे आयुष्य छापखान्यातली यंत्रे दुरुस्त करण्यात गेले होते आणि जाताना ऐकण्याचा बराच भाग आपल्याबरोबर घेऊन गेले होते. श्रवणयंत्राचा विषय काढला की ते वर्तमानपत्र उघडत. त्यामुळे त्या घरात साधी गोष्टही शेजाऱ्यांना कळेल अशाच स्वरात सांगितली जाई.

आल्या दिवशी त्याने आपल्या कामाची माहिती दिली नव्हती असे नाही. मात्र ती सासऱ्यांना ऐकू गेली नाही, आणि सासूबाई प्रत्येक वाक्य त्यांना ओरडून सांगण्यात गुंतल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या मनात त्यातले "कानाचं मशीन आहे" एवढेच उरले. आता त्या मशीनचा अर्थ त्यांना लागला.

त्यांनी बाहेरच्या खोलीत जाऊन ही दुःखद वार्ता पतीला सांगितली. ती सांगताना लावलेल्या स्वरामुळे ध्वनिमुद्रकाच्या खिशातल्या यंत्राचा काटा टोकाला जाऊन थरथरत राहिला. सासरे आत आले, जावयाकडे पाहत क्षणभर उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर ममतेने थोपटले. मुद्रणात त्या ममतेचा आवाज छत कोसळल्यासारखा आला.

तेव्हापासून घरातले बोलणे आणखी एक पट्टी वर गेले, कारण आता ऐकू न येणारे दोघे झाले होते. एका गोष्टीत मात्र सासूबाई मोकळ्या झाल्या. दुसऱ्या सकाळी तो तसाच निश्चल बसलेला असताना त्याच्या डाव्या कानाच्या अगदी जवळ उभ्या राहून त्यांनी आपल्या बहिणीला फोन लावला.

"माणूस स्वभावाने गोड आहे गं, वाईट म्हणवत नाही. पण काम काय, तर दाराचे आवाज गोळा करायचे. दाराचे आवाज! आमची लेक राबते आणि हे भिंतीकडे बघत बसतात. त्यातून आता हे कानांचं. अगं, समोरच आहेत. त्यांना कुठलं ऐकू येतंय."

ध्वनिमुद्रकाने पापणीही हलवली नाही. त्याच्या व्रताची एवढी कठोर परीक्षा याआधी झाली नव्हती.

संध्याकाळी पत्नी शाळेत शिकवून परतली तेव्हा त्याने सर्व हकीकत तिला सांगितली आणि गैरसमज आजच दूर करतो म्हणाला. ती हसून हसून दमली आणि मग एकदम गंभीर झाली. बाबांनी दुपारी आपण होऊन कानाच्या डॉक्टरांची चौकशी केल्याचे आईने तिला दारातच सांगितले होते. इतकी वर्षे घरच्यांच्या विनवण्यांनी जे झाले नाही, ते एका तरुण माणसाला लाज न बाळगता कानांत मशीन घालून बसलेला पाहून झाले होते. जावई बरोबर येणार असतील तर आपणही जाऊ, असे ते आईला म्हणाले होते.

"दोन-चार दिवस बहिरा राहा," ती म्हणाली. "नाहीतरी मी बोलते तेव्हा सरावच असतो तुझा."

सासरे-जावई डॉक्टरांकडे एकत्र गेले. पत्नीने आधीच फोन केलेला असल्यामुळे डॉक्टरांनी जावयाच्या कानांतल्या मायक्रोफोनकडे पाहून अतिशय समजूतदारपणे मान हलवली आणि सासऱ्यांच्या कानांत वापरून पाहण्यासाठी यंत्रे बसवून दिली. परतल्यावर घराच्या पायऱ्या चढताना स्वतःच्याच वहाणांचा आवाज ऐकून वृद्ध गृहस्थ दोनदा मागे वळले.

येथपर्यंत सर्व उत्तम झाले होते. घरातले स्वर खाली आले. उद्या सकाळी बसायचे आणि हवे ते घेऊन टाकायचे, असा ध्वनिमुद्रकाने बेत केला आणि तो पत्नीला कुजबुजून सांगून निश्चिंत मनाने फिरायला गेला.

जन्मभर यंत्रांचे आवाज दुरुस्त केलेल्या माणसाला आपले घर इतक्या वर्षांनी ऐकू आले, तर तो काय करील, याचा विचार त्याने केला नव्हता. सासऱ्यांनी तेलाची बुधली काढली. दाराच्या बिजागऱ्यांना तेल गेले. नळाला नवा वायसर बसला. घड्याळ खाली उतरवून त्याच्या पाठीला रबराचे तुकडे लावले गेले आणि खुर्चीच्या पायांना जाड लोकरी नमदा. सकाळी ध्वनिमुद्रक मेजापाशी बसला तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत अशी शांतता आली, की त्याला स्वतःचे रक्त वाहताना ऐकू येऊ लागले. दार उघडले आणि मिटले. त्याने ते केवळ पाहिले.

तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची? दार कुरकुरत नाही, ही तक्रार बहिऱ्या माणसाला शोभत नाही. तेव्हा घरात कोणी नाही असे पाहून त्याने पान्ह्याने नळ थोडा सैल केला. ठिबक सुरू झाली आणि त्याने सुस्कारा सोडला. तो सुस्कारा संपण्यापूर्वीच अंगणातून सासरे आले, त्यांनी थेट नळ गाठला, तो आवळला आणि परत गेले. दुपारी त्याने बिजागरीचे तेल फडक्याने पुसून काढले. चहाच्या वेळेपर्यंत तिथे नवे तेल होते. शुक्रवार असा गेला. नळावरून हात काढताना सासऱ्यांनी एकदा त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. पण विचारले काहीच नाही, आणि बहिऱ्या माणसाला आपण होऊन काही सांगताही येईना. रात्री बहिणीच्या फोनपासून नळापर्यंतची सारी फजिती त्याने पत्नीला पुन्हा एकदा कुजबुजून सांगितली.

शनिवारी सकाळी आशा सोडलेला ध्वनिमुद्रक केवळ कर्तव्य म्हणून मायक्रोफोन घालून बसला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आले, की डावीकडे नळ ठिबकतो आहे. मग दार कुरकुरले, आणि तेही असे संथ, जणू कोणी बराच विचार करून ते लोटले असावे. सासरे आत आले, त्याच्या उजव्या हाताला किंचित मागे असलेल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडले. भिंतीवरचे घड्याळ रबराचे तुकडे काढल्यामुळे मोकळेपणाने बोलत होते.

ओट्यापाशी सासूबाई सवयीने स्वतःशी पुटपुटल्या, की सकाळी उठून पेपरच वाचायचा, घरातलं एक काम म्हणून करायचं नाही.

"काय आणायचंय?" उजवीकडून हळू आवाज आला.

सासूबाईंच्या हातातले भांडे थांबले. त्यांच्या पुटपुटण्याला उत्तर मिळाल्याला फार वर्षे झाली होती. "कोथिंबीर," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. मग साखरेबद्दल काही बोलणे झाले, मग नातवंडे कधी होणार याबद्दल. आणि ध्वनिमुद्रक श्वाससुद्धा जपून घेत राहिला. एवढ्यात सासूबाईंना त्याची आठवण झाली. त्या समोर येऊन हातवारे करीत ओरडल्या, "जावईबापू! चहा! हवा का?"

"अगं, हळू," सासरे म्हणाले. "त्यांना चांगलं ऐकू येतं. तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं. काल रात्री पलीकडच्या खोलीतली यांची कुजबुज ऐकली मी. काम चाललंय त्यांचं."

त्यानंतर कोणी बोलले नाही. नळ ठिबकत राहिला. सासूबाईंच्या मनात मागचे दिवस एकेक करून उलगडत असावेत, आणि त्यांत बहिणीचा फोन आला असावा; कारण बऱ्याच वेळाने त्या जावयाशी बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज फार नरम होता.

"परवा फोनवर मी जे बोलले ना, ते ह्यांच्याबद्दल होतं."

"मी कधी दाराचे आवाज गोळा केले?" सासऱ्यांनी विचारले.

मुद्रण तिथे संपले, कारण ध्वनिमुद्रकाला हसू आवरले नाही.

दिग्दर्शिकेने ते दुपारीच ऐकले आणि कळवले, की उरलेले नाटकही त्यानेच करावे. बोलणे हवे तर कापून टाका, पण मधली ती शांतता कापू नका. इतके काही भरलेली शांतता कोणत्या खोलीत मिळाली, असेही तिने विचारले. ती खोलीतली नसून सासूबाईंची आहे, आणि त्यांच्या अनुमतीवाचून वापरता येणार नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

सासूबाईंनी आधी सर्व प्रकाराबद्दल त्याला यथेच्छ रागावून घेतले, आणि मग ऐकल्याशिवाय अनुमती देणार नाही म्हणाल्या. त्याने त्यांना त्याच खुर्चीवर बसवून हेडफोन दिला. सासरे तेव्हा अंगणात होते. सासूबाई डोळे मिटून ऐकू लागल्या. नळ ऐकला, दार ऐकले, स्वतःचा आवाज ऐकून लाजल्या. मग ती लांब शांतता आली आणि गेली. अखेरच्या प्रश्नाशी त्यांनी एकदम उजवीकडे मागे वळून रिकाम्या खुर्चीला उत्तर दिले.

"गोळा नाही केले," त्या म्हणाल्या. "पण परत आणून दिलेत की नाही?"

"दिले," सासरे अंगणातून हळूच म्हणाले. पण हेडफोनमुळे ते सासूबाईंना ऐकू गेले नाही.