इंजिनियरांचा रेडिओ परदेशी जातो

बायकोची लोकरी शाल बॅगेतून काढायची आणि त्या जागी रेडिओ बसवायचा, हा निर्णय इंजिनियरांनी विमानतळाकडे निघायच्या जरा आधी, बायको आंघोळीला गेलेली असताना घेतला. निर्णय छोटाच होता. शाल मऊ होती, मुलीकडे शाली असतीलच आणि रेडिओ एकच होता.

ते खरेखुरे इंजिनियर नव्हते. (हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ते स्वतः सांगणार नाहीत.) टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात त्यांनी सबंध नोकरी काढली. लोक शेजाऱ्यांच्या घरून फोन करून 'आमचा फोन बंद आहे' म्हणायचे. हे ते लिहून घ्यायचे आणि 'लाइनमध्ये दोष दिसतोय' असं भारदस्त आवाजात सांगायचे. स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी जन्मात हातात धरला नव्हता. पण सांगण्याची ढब अशी होती, की सहकारी त्यांना 'इंजिनियर' म्हणायला लागले. त्यातली थट्टा त्यांच्यापर्यंत कधी पोचली नाही. लाइनमध्ये दोष असावा.

रेडिओ सॅटेलाइटवरचा होता. जेवणाच्या डब्याएवढा संच आणि वायरीनं जोडलेली, पुस्तकाएवढी चपटी अँटेना. अँटेना आकाशाकडे वळवून ठेवली, की थेट उपग्रहावरून गाणी यायची, खरखर नाही की काही नाही. त्यावर जुन्या गाण्यांचं एक स्टेशन होतं. ते दुसरीकडे कुठंही लागत नसे. तिथल्या निवेदिकेला इंजिनियरांनी गुपचूप पत्र धाडलं होतं. लग्नाचा वाढदिवस नेमका मुलीकडच्या मुक्कामात येत होता आणि त्या दिवशी बायकोच्या आवडीचं गाणं तिच्या नावानं लागणार होतं, सोबत नवऱ्याचा निरोप. इतक्या वर्षांत बायकोला त्यांनी अचानक दिलेल्या गोष्टी म्हणजे पाहुणे आणि खर्च. यंदा काहीतरी गोड द्यायचं त्यांच्या मनात होतं.

रेडिओच्या दुकानदारानं सांगितलं होतं, "साहेब, परदेशात सिग्नल पोचेल, न पोचेल. तिथून उपग्रह पार खाली, क्षितिजाला टेकलेला असणार. मोकळं आकाश असेल तर बघा प्रयत्न करून."

यातलं 'पोचेल' आणि 'मोकळं आकाश' एवढंच इंजिनियरांनी घरी आणलं.

विमानतळावर तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं अँटेना उचलून विचारलं, "हे काय आहे?" इंजिनियरांनी उपग्रह म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. मागची रांग लांबत गेली. शेवटी अधिकाऱ्यानंच हात जोडले आणि म्हणाला, "काका, जा." बायकोनं विचारलं, "बॅगेत तो डबा कुठून आला?" इंजिनियर म्हणाले, "यंत्र आहे." विमानात थंडी वाजायला लागली तेव्हा तिनं शाल शोधली. त्यानंतर विमान उतरेपर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही.

मुलगी आणि जावई एका उंच इमारतीत, वरून दुसऱ्या मजल्यावर राहत होते. फ्लॅट नुकताच घेतलेला. शेजारी अजून मोजकंच हसत होते आणि ते हसू वाढावं म्हणून जावई जिवाचं रान करत होता. जिन्यात कुणी दिसलं की पिशवी उचलून देई, दार धरून उभा राही, स्वतःच्या घरातसुद्धा चप्पल न वाजवता चाले. पहिल्याच दिवशी त्यानं सासऱ्यांना अगदी नरमाईनं सांगितलं, "बाबा, इथे सगळं शांत असतं. काही लागलं तर मला सांगा. आपण मिळून करू."

"तू निश्चिंत राहा," इंजिनियर म्हणाले. (जावयानं नेमकं तेच केलं, ही त्याची चूक.)

बाल्कनीतून सिग्नल मिळेना. संचाच्या छोट्या पडद्यावर 'शोध चालू आहे' एवढीच अक्षरं यायची. इंजिनियरांनी अँटेना कठड्यावर ठेवून पाहिली, खुर्चीवर ठेवून पाहिली, खुर्ची टेबलावर ठेवून पाहिली. मग स्वयंपाकघरातला चकचकीत स्टीलचा ट्रे तिच्यामागे उभा केला. मुलगी म्हणाली, "बाबा, तो ट्रे ओव्हनचा आहे." ते म्हणाले, "आता तो परावर्तक आहे."

जावई म्हणाला, "बाबा, तो उपग्रह आपल्याकडच्या लोकांसाठी सोडलाय. त्याचा उजेड इथवर पडतच नसेल तर?"

"आकाश एकच असतं," इंजिनियर म्हणाले. सासऱ्यांच्या असल्या वाक्यापुढे कुठल्याच जावयाचं काही चालत नाही.

वाढदिवस रविवारी आला. सकाळची न्याहारी झाली. जावई खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेला होता. कुठल्याशा खेळाचा अंतिम सामना होता, इमारतीतले बरेचजण तिथे जमणार होते आणि जावयाला पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. बायको आणि मुलगी स्वयंपाकघरात होत्या. कार्यक्रमाची वेळ जवळ येत होती. इंजिनियरांनी संच काखोटीला मारला, ट्रे घेतला आणि "जरा पाय मोकळे करून येतो" असं पुटपुटत ते जिन्यानं वर गेले.

गच्चीचं लोखंडी दार उघडंच होतं. दाराला एक वीट टेकवलेली होती आणि वर त्या देशाच्या भाषेत कसलीशी सूचना लिहिलेली होती. सूचना त्यांना वाचता येईना. वीट मात्र आवडली. अँटेनाला नेमका असाच भक्कम पाया हवा होता. त्यांनी ती उचलली. मागे दार हळूच लागलं आणि आतून खट्ट असा आवाज झाला. त्या वेळी इंजिनियर आकाश बघत होते, त्यामुळे तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

आकाश खरंच मोकळं होतं. फक्त ज्या दिशेला त्यांचा उपग्रह असायला हवा, नेमक्या त्याच दिशेला एक थोरली पांढरी डिश उभी होती. सबंध इमारतीचे टीव्ही तिच्यावर चालत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. (आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.) त्यांनी विटेवर अँटेना ठेवली, मागे ट्रे लावला. पडद्यावर 'शोध चालू आहे'. डिशनं वाट अडवली आहे, असं त्यांचं निदान झालं. मग त्यांनी डिश दोन्ही हातांनी धरली आणि किंचित सरकवली. किंचितनं भागेना म्हणून बरीच सरकवली. ती कुरकुरत फिरली आणि शेजारच्या इमारतीकडे तोंड करून थांबली.

संचाच्या पडद्यावर क्षणभर एक रेघ उमटली. ती सिग्नलची होती की उन्हाची, हे आजही नक्की सांगता येत नाही. पण इंजिनियरांचा ऊर भरून आला. आता बायकोला वर आणायचं, खुर्चीत बसवायचं आणि गाणं लागलं की तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. ते दाराकडे धावले.

दाराला बाहेरून मूठच नव्हती.

त्यांनी दार ठोठावलं, मग बडवलं. खाली कुणाला ऐकू जाईना. मोबाइल घरीच. वारा गार होता आणि अंगात एक पातळ सदरा. शेवटी ते कठड्यापाशी गेले आणि शेजारच्या इमारतीकडे बघून ट्रे हलवायला लागले. ट्रे उन्हात चमकला. समोरच्या खिडकीत एक बाई आली. इंजिनियरांनी दोन्ही हात हलवले. बाईनंही हात हलवला. त्यांनी दाराकडे बोट दाखवून हतबल असल्याची खूण केली. बाईनं हसून नवऱ्याला बोलावलं. नवऱ्यानं हात हलवला. मग बाई आत जाऊन मांजर घेऊन आली आणि तिनं मांजराचा पंजा हलवला.

इंजिनियरांनी मांजरालाही हात हलवला. नाही म्हणायला धीर होईना.

इकडे स्वयंपाकघरात फोन वाजला. मेव्हणीचा होता. "ताई, काही बोलू नकोस, नुसतं ऐक," ती म्हणाली आणि तिनं आपल्या तसल्याच रेडिओशेजारी फोन धरला. निवेदिका निरोप वाचत होती: "आयुष्यभर मी लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या. घरी मात्र एक माणूस असं होतं, की ज्यानं माझ्याबद्दल कधी तक्रार केली नाही. केली असती तर मला लिहून घ्यायला कागद पुरला नसता. तिच्यासाठी हे गाणं." मग गाणं लागलं. बायको कणकेच्या हातानंच फोन धरून उभी राहिली. गाणं संपल्यावर तिनं पदराला डोळे पुसले आणि मुलीला म्हणाली, "बाबा कुठं आहेत गं? बोलाव त्यांना."

बाबा घरात नव्हते. जिन्यातही नव्हते. दोघी खाली शेजाऱ्यांकडे गेल्या, तर तिथे वेगळाच गोंधळ. सामना ऐन रंगात असताना टीव्हीवर मुंग्या आल्या होत्या. यजमान खोक्यावर थापा मारत होते, समोरच्या दारातल्या आजी सगळ्यांना काहीतरी समजावत होत्या आणि इमारतीचा राखणदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन वर निघाला होता. 'डिश बघून येतो' एवढं जावयाला ऐकू आलं आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, त्याला सासऱ्यांची आठवण झाली. तो आधी धावला. बाकीचे सगळे त्याच्या मागे.

राखणदारानं दार उघडलं. पुढे जावई, मग आजी, मग सामना बघायला जमलेली मंडळी आणि सगळ्यांत शेवटी, अजून ओल्या डोळ्यांची बायको. समोर इंजिनियर. एका हातात ओव्हनचा ट्रे, दुसरा हात शेजारच्या इमारतीतल्या मांजराकडे उंचावलेला, पायाशी विटेवर अँटेना आणि पलीकडे तोंड फिरवून उभी असलेली डिश.

राखणदारानं डिशकडे बघितलं, विटेकडे बघितलं, दारावरची सूचना बघितली आणि टोपी काढून डोकं खाजवलं. इंजिनियरांना वाटलं, गच्ची दुभंगून आपल्याला थेट तळमजल्यावर पोचवेल तर किती बरं होईल. ट्रे खाली ठेवावा की नाही, हेही सुचेना. मंडळींचं नाही, पण जावयाचं तोंड त्यांना बघवेना. तो पोरगा रागावलेला नव्हता. नुसता दमलेला दिसत होता.

"अहो," बायको पुढे येऊन हळूच म्हणाली, "निरोप ऐकला मी. धाकटीनं फोनवरून ऐकवला."

"ऐकलास?"

"हो. फार छान होता." ती थोडा वेळ ट्रेकडे बघत राहिली. "आता एक तक्रार लिहून घ्या."

इंजिनियरांनी मान खाली घातली. मग जावयाकडे वळून म्हणाले, "यांना माझी माफी सांग. नीट सांग. काही लपवू नकोस."

आणि ते बोलायला लागले. मी टेलिफोन खात्यातला माणूस, पण तक्रारीच घेणारा, यंत्रातलं मला काही कळत नाही. (हे वाक्य ते आयुष्यात प्रथमच बोलत होते. बायकोनं चमकून पाहिलं.) बायकोला गाणं ऐकवायचं होतं. त्यासाठी आकाशात खाली टेकलेला आमचा उपग्रह शोधत होतो. तुमची डिश मध्ये आली म्हणून फिरवली. वीट मीच काढली. तुमचा सामना बुडाला, जावयाला मान खाली घालावी लागली, याची फार लाज वाटते. जावई एकेक वाक्य त्या भाषेत सांगत गेला.

मंडळींचे चेहरे हळूहळू निवळले. कुणी मान हलवली, कुणी एकमेकांकडे बघितलं. आजी पुढे आल्या आणि त्यांनी इंजिनियरांच्या हातातून ट्रे अलगद काढून घेतला. राखणदारानं डिश जागेवर फिरवली, खालून कुणीतरी 'आला' अशा अर्थाचं ओरडलं आणि सगळे सामना बघायला पळाले. जाताना एकानं आपलं जाकीट इंजिनियरांच्या खांद्यावर टाकलं.

'लोक मोठ्या मनाचे आहेत,' इंजिनियरांना वाटलं. 'खरं बोललं की माणसं समजून घेतात.'

पण दुसऱ्या दिवसापासून काहीतरी चमत्कारिक व्हायला लागलं. जिन्यात भेटेल तो त्यांच्याशी फार मोठ्यानं आणि फार सावकाश बोलायचा. राखणदार त्यांना लिफ्टचं बटण स्वतः दाबून द्यायचा आणि दाबल्यावर शाबासकी दिल्यासारखा हसायचा. समोरच्या आजींनी तर रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरला आणि पलीकडे पोचल्यावर पिशवीतून एक गोळी काढून, वेष्टन सोलून, त्यांच्या तोंडात घातली. शेजारच्या इमारतीतली बाई रोज ठरल्यासारखी मांजर घेऊन खिडकीत यायची.

इंजिनियरांच्या डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळी त्यांनी जावयाला बाल्कनीत गाठलं.

"खरं सांग. तू त्यांना सांगितलंस ना, की माझ्या डोक्यावर थोडा परिणाम झालाय म्हणून?"

"नाही हो, बाबा."

"मी रागावणार नाही. तुझं घर आहे, तुला इथे राहायचंय. वेळ मारून नेण्यासाठी सांगितलं असशील, तर मी समजू शकतो."

"बाबा, शपथेवर सांगतो," जावई कळवळून म्हणाला, "एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तुम्ही जे जे बोललात, ते सगळं जसंच्या तसं सांगितलं."

समोरच्या खिडकीत बाई मांजर घेऊन आली.

"मग यापुढे," हात हलवत ते म्हणाले, "जरा बदलून सांगत जा."