कुऱ्हाडीचे काप

पिंपळगाव रेणुकाईच्या गोजरबाईच्या चुलीशेजारी एक दगड होता, ही बाब १९८७ सालापर्यंत शासनाच्या निदर्शनास आलेली नव्हती. तिच्या नवऱ्याला, भुजंगला, तो शेत नांगरताना सापडला होता. एका टोकाला धारदार, दुसऱ्या टोकाला बोथट आणि अंगाने इतका गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. गोजरबाई बोथट टोकाने ठेचा कुटायची. रेणुकाईच्या भंडाऱ्याला दरसाल तिच्याच ठेच्याचा मान असे, आणि त्यामुळे तिची जाऊ दुर्गाबाई दरसाल आजारी पडे.

एकदा जिल्हा पाषाण ओळख कक्षाचे अधिकारी बद्रीनाथ साहेब जेवायला आले आणि घात झाला. ठेचा खाऊन पाण्यासाठी ते थेट चुलीपर्यंत धावले. तिथे, डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही, त्यांनी दगड ओळखला. नवाश्मयुगातली कुऱ्हाड! धार जराही झिजलेली नाही, त्याअर्थी कामाची नव्हे, धार्मिक विधीची. बोथट टोकावरच्या लाल डागाची त्यांनी ‘बळीचे रक्त असण्याची शक्यता’ अशी नोंद केली.

“मिरची हाय ती,” गोजरबाई म्हणाली.

“ते प्रयोगशाळा ठरवील, मावशी. दगड कोणत्या जातीचा एवढं बघायचं, की लगेच परत.”

“भंडाऱ्याच्या आत द्या म्हंजे झालं.”

दगडाची जात ओळखायची तर त्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. हे शास्त्र आहे, त्यात कोणाचा दोष नाही. कक्षाने एक काप काढला आणि ‘बेसॉल्ट’ असे मत दिले. वरच्या कार्यालयाला खालच्या कार्यालयाच्या कापावर मत देता येत नाही, म्हणून त्यांनी स्वतःचा काप काढून ‘डोलेराइट’ म्हटले. मतभेद झाला म्हणून समिती नेमली. समितीत प्रत्येकाचे मत स्वतंत्र, त्यामुळे प्रत्येकाला कापही स्वतंत्र लागला. मग हे सगळे काप एकाच दगडाचे कशावरून, असा आक्षेप निघाला आणि पडताळणीसाठी फेरकाप घेण्यात आले.

गोजरबाई अधूनमधून एसटीने जालन्याला जाऊन चौकशी करी.

“साहेब, भंडारा तोंडावर आला. दुसऱ्या दगडानं ठेचा बराबर होऊन न्हाई राह्यला. आमच्या जाऊबाई तर आत्तापासूनच बऱ्या होऊन हिंडून राह्यल्या.”

“काम बरंच पुढे गेलंय, मावशी,” साहेब सांगत. ते खरेच होते. दगड संपत आला होता.

अखेर एकमताने अहवाल आला. दगड बेसॉल्टच. मराठवाड्यात जिकडे ठेच लागते तिकडे असतो, तोच. खाली शेरा होता: ‘अहवाल प्राप्त, कुऱ्हाड अप्राप्त. मूळ धारकाने कुऱ्हाड तत्काळ सादर करावी, अन्यथा पुरातन वस्तू दडविल्याबद्दल कारवाई करण्यात येईल.’

“त्यांनीच नेल्ती की,” भुजंग म्हणाला. “आता कुठून आणायची मंग?”

गोजरबाईने जावेच्या ओट्याकडे पाहिले. त्या साली ठेच्याचा मान दुर्गाबाईकडे गेला होता, आणि दुर्गाबाईचा वरवंटा धुऊन ओट्यावर वाळत होता.

बद्रीनाथ साहेबांनी वरवंटा दोन्ही हातांनी स्वीकारला. “काय झिलई आहे, मावशी. मागच्या वेळी घाईत नीट पाहिलीच नव्हती.” काप काढायची गरजच पडली नाही, कारण अहवाल आधीच तयार होता.

त्या साली भंडाऱ्यात गावाने लोणच्यावर भागवले. दोघी जावा सोबतच आजारी पडल्या.

वरवंट्याचा फोटो पुढे शाळेच्या पुस्तकात छापून आला. ‘विधीची कुऱ्हाड, नवाश्मयुग’. त्याखाली प्रश्न होता: चित्राचे निरीक्षण करून कुऱ्हाडीची धार कोणत्या बाजूस आहे ते लिहा. गुण दोन.

वरवंट्याला धार नसते. पण तुम्ही ‘डावीकडे’ असे लिहिले होते, आणि तुम्हाला दोन्ही गुण मिळाले होते.