मास्तरांच्या गाडीचा मूळ रंग

अख्ख्या मार्गिलानमध्ये कंपनीतून निघाल्यापासून दुसऱ्या रंगाचा थेंबही न लागलेली एकच गाडी आहे, आणि ती आपल्या अंगणात उभी आहे, असं तोजिबोय मास्तर गेली आठ वर्षं चहाखान्यात बसून सांगत होते. ऐकणारे मान डोलवायचे. भूमितीच्या मास्तराशी वाद कोण घालणार? तो लगेच कागद-पेन्सिल काढतो.

आता आमच्या फरगाना खोऱ्यात या बढाईला वजन आहे. जुनी गाडी विकायला काढलीत आणि इंजिन खोकत असलं, तर गिऱ्हाईक म्हणतं, होईल दुरुस्त. सीट फाटलेली असली तर म्हणतं, कव्हर घालू. पण एका दारावर दुसरा रंग निघाला की संपलं. रंग दिला म्हणजे पत्रा ठोकला, पत्रा ठोकला म्हणजे गाडी धडकली, आणि धडकली हे मालकाने लपवलं तर त्याने आणखी काय काय लपवलं असेल देव जाणे. किंमत पडते ती त्या दारामुळे नाही, या शेवटच्या शंकेमुळे पडते. म्हणून गाडी बघायला येणाऱ्याच्या खिशात रंगाची जाडी मोजणारं मीटर असतं. पत्र्याला टेकवलं आणि आकडा शंभर-सव्वाशे आला तर रंग कंपनीचा. तीनशे-चारशे आला तर मालकाने चहा आणायच्या निमित्ताने आत जावं हे बरं.

मास्तरांना आत जायची गरज नव्हती. एक तर ते शाळेत पायी जायचे. गाडी रविवारी काढायची, बाकी सहा दिवस तिच्यावर ताडपत्री. दुसरं, त्यांच्या अंगणाचं फाटकच शास्त्रशुद्ध होतं. गल्ली अरुंद, आत जुनं जर्दाळूचं झाड, ते तोडायचं नव्हतं. मास्तरांनी तीन रात्री कोन मोजले आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना बरोबर चार-चार बोटं जागा सोडून फाटक बसवलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी पाइपचा खांब, आत काँक्रीट ठासलेलं. खांबाला त्यांनी एकदाच पांढरा रंग दिला होता. त्या रंगाचंही त्यांना फार कौतुक. म्हणायचे, बाकीच्यांचे खांब दोन वर्षांत काळे पडतात, माझा बघा, दरवर्षी जास्तच पांढरा होतोय.

कागदावर गाडी त्या फाटकातून फार सुंदर जायची. प्रत्यक्षात पहिल्याच महिन्यात खुद्द मास्तरांनीच पुढचा डावा मडगार्ड खांबावर घातला होता. पण ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. बायको सनोबर माहेरी गेली होती तेवढ्यात ते नोर्बुता उस्तादांच्या गॅरेजमध्ये गेले आणि त्यांना गुप्ततेची शपथ घातली. उस्ताद म्हणाले, रंग कशाला द्यायचा, दुसऱ्या पांढऱ्या गाडीचा मडगार्ड पडलाय माझ्याकडे, कंपनीच्या रंगाचा, तोच बसवतो, मीटरच्या बापालाही कळणार नाही. आमच्याकडे दहातल्या नऊ गाड्या पांढऱ्याच. तेव्हा दुसऱ्या रंगाचा थेंब नाही हे मास्तरांचं म्हणणं भूमितीच्या हिशेबाने खरंच होतं.

यंदा त्यांच्या लेकीचं, दिलनवोजचं ठरत आलं. मुलाचे वडील होशिम-आका, रेशमाचे व्यापारी. नेमस्त माणूस, शब्द मोजून बोलणारा. गुरुवारी नान मोडायचा होता. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिळून नान मोडला की मुलगी दिली, मग आकाश कोसळलं तरी मागे फिरणं नाही. त्यात होशिम-आकांना धाकट्या मुलासाठी जुनी गाडी हवी होती, आणि मास्तरांना लग्नासाठी गाडी विकायची होती. एका दगडात दोन पक्षी! असा हिशेब मांडून मास्तरांनी होशिम-आकांना मंगळवारी चहाला बोलावलं. ते आपली पांढरी गाडी घेऊन आले, आणि गल्ली अरुंद म्हणून ती अंगणातच लावली.

चहा झाला, जर्दाळू झाले, गोष्ट गाडीवर आली. आता इथे मास्तरांनी साधं हो म्हणावं की नाही? पण इतकं चांगलं गिऱ्हाईक, त्यात होणारा व्याही. त्यांना भरून आलं. त्यांनी समोर अंथरलेल्या दस्तरखानावरचा नान दोन्ही हातांनी उचलला, डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "होशिम-आका, या गाडीला माझ्या घरातल्या कुणाच्या हातून ओरखडासुद्धा पडला असेल, तर हा नान मला लागो."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना मडगार्ड आठवला. पण बोलून गेलेला शब्द आणि नळीतून सुटलेलं पाणी, परत कसं आणणार? त्यांनी मनातल्या मनात 'रंगाचा थेंब' अशी दुरुस्ती केली आणि नान खाली ठेवला. शपथ ऐकून सनोबर भरलेल्या पेल्यातच पुन्हा चहा ओतायला लागली. थोरला मुलगा ओलमास एकदम बूट शोधायला लागला. दिलनवोज पडद्याआड होती, ती तिथून नाहीशीच झाली. मास्तरांना वाटलं, आपल्या शब्दांचा परिणाम.

"शपथ कशाला घेतलीत मास्तर," होशिम-आका संकोचून म्हणाले. "मीटर लावणारही नव्हतो. पण आता लावतो, म्हणजे तुमच्या शपथेचा मान राहील."

पहिल्यांदा त्यांनी नेमका डावा मडगार्डच धरला. मास्तर उगाच ताडपत्रीची घडी घालायला लागले. आकडा आला एकशेदहा. मास्तर छाती पुढे काढून मागच्या उजव्या दाराकडे वळले. तिथे आकडा आला चारशेवीस.

मास्तरांनी चष्मा पुसला. होशिम-आकांनी मीटर झटकून पुन्हा लावलं. चारशे तीस. मागचं डावं दार, तीनशे साठ. डिकी लावली तर सहाशे! वरचा टप तेवढा स्वच्छ निघाला, कारण तिथपर्यंत कुणाची मजल गेली नसावी.  मास्तरांनी गाडीच्या मागे जाऊन नंबर वाचला. मग पुढे येऊन पुढचाही वाचला. नंबर त्यांचाच होता. मग दार उघडून आरशाला टांगलेली आपल्या आईने दिलेली ताईताची पिशवी बघितली, तीही होती. गाडी आपली, अंगण आपलं, आणि आपला मडगार्ड सोडून सगळ्या गाडीला रंग लागलेला, हे कोणत्या प्रमेयात बसतं तेच त्यांना कळेना.

होशिम-आका सभ्य माणूस. मीटर खिशात घालत म्हणाले, उन्हाने कधीकधी यंत्र चुकतं. नंतर म्हणाले, गुरुवारचं बघू. आधी ते 'गुरुवारी येतो' म्हणत होते, आता 'बघू' म्हणाले. मास्तरांना हा फरक आरपार गेला. पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवायलाही ते गेले नाहीत. बाहेर कुठेतरी काहीतरी खरखरलं, पण मास्तरांच्या डोक्यातच एवढी खरखर चालली होती की त्यांनी लक्ष दिलं नाही.

मग त्यांनी घरच्यांना एका रांगेत बसवलं. फळ्यासमोर उभं राहावं तसे ते ताडपत्रीसमोर उभे राहिले आणि विचारलं, हे कुणाचं काम? कुणी तरी एक जण गुन्हेगार निघेल, चार शब्द बोलू, होशिम-आकांचे पाय धरू, असा त्यांचा अंदाज होता.

"अहो, उजवं दार माझं," सनोबर म्हणाली. "तुम्ही ताश्कंदला हर्नियाच्या ऑपरेशनला होतात ना, तेव्हा."

"तुला गाडी कुठे येते?"

"येत नाही म्हणूनच तर."

डिकी ओलमासची निघाली. मित्राच्या लग्नाला गाडी मिरवायला नेली होती, येताना मागे घेताना खांब लागला. डावं दार दिलनवोजचं. ती रडत सांगत होती की मी शिकत होते बाबा, तुम्हाला परीक्षा पास होऊन दाखवणार होते. तेवढ्यात कोपऱ्यातून मास्तरांच्या आईने, म्हातारीने घसा खाकरला. मागचं सोडा, पुढचा बंपर माझा, म्हणाली. बसल्या बसल्या आधाराला म्हणून एक दांडा बटणासकट खाली दाबला तर गाडी आपली आपण चालायला लागली. तो हँडब्रेक असतो हे मला कुणी सांगितलं होतं का? बंपर प्लास्टिकचा, त्याला मीटर लागत नाही, तेव्हा तो कुणीच विचारला नव्हता. म्हातारीला मागे राहायचं नव्हतं एवढंच.

प्रत्येकाला वाटत होतं की आपलं एकट्याचंच आहे. बाकीची गाडी तर बाबांच्या म्हणण्याप्रमाणे कोरीच होती! आणि प्रत्येक जण, आळीपाळीने, एकाच माणसाकडे गेला होता.

बुधवारी सकाळी मास्तर तणतणत नोर्बुता उस्तादांच्या गॅरेजवर गेले. माझ्या घराचे चारी कोपरे तुझ्याकडे येऊन गेले आणि तू मला एका शब्दाने बोलला नाहीस, असं बरंच काही त्यांनी सुनावलं. उस्ताद एका पांढऱ्या गाडीच्या दाराला पुट्टी भरत होते. हात न थांबवता म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरातल्या पाच जणांनी मला पाच शपथा घातल्यात. पहिली तुमची. कुठली मोडू तेवढं सांगा."

 मास्तरांना खरं म्हणजे रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. रात्री त्यांनी कागद काढून फाटकाचं गणित पुन्हा केलं. उत्तर तेच आलं, चार-चार बोटं.

गुरुवारी होशिम-आका आले. 'बघू' म्हणूनही आले, हेच मास्तरांना पुष्कळ वाटलं. बरोबर त्यांची बायको आणि दोन वडीलधारे, हातात कापडात बांधलेले नान. सगळे गल्लीतून पायी आले. गाडी तेल बदलायला दिलीय, असं होशिम-आका दारातच म्हणाले, कुणी विचारलं नसताना. सगळे बसले, दस्तरखान पसरलं, नान मध्ये ठेवला. सनोबरने मास्तरांकडे बघितलं. मास्तर गप्प राहिले असते तर तासाभरात मुलगी दिली गेली असती. पण त्याच दस्तरखानावर, तसाच नान. पडद्याआड लेक उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं. लग्न मोडलं तर ती आपल्याशी जन्मभर बोलणार नाही, आणि खोट्या शपथेच्या नानवर झालं तर आपणच तिच्या डोळ्याला डोळा भिडवू शकणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"थांबा," ते म्हणाले. "मोडण्याआधी ऐका. मडगार्ड माझा. उजवं दार हिचं, डावं लेकीचं, डिकी मुलाची, आणि बंपर आमच्या आईचा. मंगळवारी मी या नानसमोर खोटं बोललो. मला निम्मं माहीत होतं, निम्मं नव्हतं, पण खोटं ते खोटंच. आता तुम्ही उठून गेलात तरी माझी तक्रार नाही."

 म्हातारीने पुटपुटून सांगितलं की बंपर प्लास्टिकचा होता.

होशिम-आका खरंच उठले.  पण ते चपला घालून अंगण ओलांडून सरळ फाटकाकडे गेले, खिशातून मीटर काढलं आणि त्या लोखंडी खांबाला, कमरेच्या उंचीवर, टेकवलं. सगळे मागोमाग गेले. मीटरने एकदा आकडा दाखवला, मग दुसरा, मग नुसती एक आडवी रेघ आली. त्याची मोजायची हद्दच संपली होती.

"व्याही," होशिम-आका हळूच म्हणाले, "तुमच्या गाडीचा मूळ रंग सापडला. सगळा इथे आहे."

व्याही म्हणाले! सनोबरने डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसले. मास्तर मात्र खांबाकडे बघत उभे राहिले. दरवर्षी जास्तच पांढरा होणारा तो खांब त्यांना पहिल्यांदाच नीट दिसत होता.

"आणि वरचा हा ताजा थर," होशिम-आकांनी बोट लावून दाखवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते लाजले असावेत, "हा माझा. मंगळवारी बाहेर पडताना. गाडी तेलाला नाही दिलेली, नोर्बुता उस्तादांकडे आहे. आणि उस्तादांना मी शपथ घातलीय की घरी सांगायचं नाही."

त्यांची बायको मागेच उभी होती. तिने काय ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं, पण व्याह्यांच्या दारात बायका नवऱ्याला काही बोलत नाहीत, ते घरी गेल्यावर.

मग सगळे आत आले आणि नान मोडला गेला. होशिम-आकांनी गाडी घेतली, रंग लागलेल्या गाडीची जी किंमत असते त्या किमतीला, घासाघीस न करता. एकच अट घातली. लग्नाच्या वरातीत नऊ गाड्या आहेत, सगळ्या पांढऱ्या, तेव्हा खांब त्याआधी निघाला पाहिजे.

मास्तरांना सांगायचं होतं की खांबात दोष नाही, चार-चार बोटं जागा आहे, गणित आपण काल रात्रीच पुन्हा तपासलंय, हवं तर कागद आणतो. त्यांनी तोंड उघडलंही. पण तोंडात नानचा मोठा तुकडा होता, तो नेमका त्याच वेळी घशात अडकला, आणि होशिम-आकांना त्यांच्या पाठीवर चांगल्या पाच-सहा थापा माराव्या लागल्या.