उभ्या गाडीतलं जेवण

एका जंगलात मी घसा फोडून सांगत होते की गाडी सुटणार आहे, आणि एकालाही ते खरं वाटलं नाही. पिल्लांनो, आधी एवढं ऐकून घ्या. मग बाकीची गोष्ट.

मी टिटवी. शाळा चौथीपर्यंत. हळू बोलणं मला येत नाही. वाळकं पान पडलं तरी मी जंगल डोक्यावर घेते, त्यामुळे माझ्या ओरडण्याला कुणी मान वळवत नाही. घरटं बांधायची अक्कलही आमच्यात नाही. मी अंडी घातली ती जुन्या रुळांमधल्या खडीत. तिथं गाडी येत नव्हती ना, म्हणून.

मग गाडी आली. रंगाशेठ तरसाने राजेशाहीच्या काळातले दोन मोडके डबे आणले. सागवानाला पॉलिश केलं, पितळी कड्या घासल्या, आत टेबलं मांडली. बाहेर पाटी लावली, 'हेरिटेज भोजन'. आमटीला तिथं सूप म्हणायचे आणि निम्मीच वाढायचे. डबे उभे होते चढावर, चाकांखाली दगड लावून. उताराला माझी अंडी.

एकदा गवेसाहेब जेवायला आले. ते जंगलाचे न्यायाधीश. म्हणाले, सगळं झकास आहे, पण गाडीत बसल्यासारखं वाटत नाही. अंगावर रस्सा सांडला नाही तर तो प्रवास कसला?

शेठने लगेच एक हत्ती ठेवला. जेवणं सुरू झाली की त्याने मागून डबा ढकलायचा. हत्ती रोज ढकलायचा, पण दगडांमुळे डबा हलायचाच नाही. तेव्हा शेठने दगड काढायला लावले. नाहीतरी ते त्या काळाला शोभत नव्हते म्हणे.

मी तशीच उडत गेले.

"शेठ, खाली उतार आहे. माझी अंडी आहेत तिथं."

"बाई, ही गाडी हलत नाही. तिकिटावरच छापलंय."

"चाकांना वाचता येतं का?"

"तुम्हाला तरी येतं का?"

"चौथीपर्यंत येतं."

अख्खा डबा हसला. आमचे हेसुद्धा मला म्हणाले, घरी चल, लोक जेवताहेत.

हत्तीने डोकं टेकवलं. मी होता नव्हता तेवढा आवाज काढला. आणि गाडी सुटली.

मला पंख होते, पण उडाले नाही. अंड्यांवर बसले आणि मान खाली घातली. डब्याखाली शोभेची साखळी लोंबत होती, ती माझी शेपटी घेऊन गेली. अख्खी गाडी अंगावरून जाईपर्यंत मी ओरडतच होते. डबे खालच्या दलदलीत खिडक्यांपर्यंत रुतले. मेलं कुणी नाही. गवेसाहेबांचं शिंग तेवढं पंख्यात अडकलं. अंडी शाबूत राहिली.

चौकशीला गवेसाहेबच बसले, चिखलासकट. हत्ती म्हणाला, मी रोजच ढकलतो, आजवर कधी सुटली नाही. म्हणजे ढकलण्याचा दोष नाही. शेठ म्हणाला, दगड तर बाजूला पडले होते, ते काय करणार? म्हणजे दगडांचाही नाही. मग जेवणाऱ्यांना विचारलं, गाडी सुटण्याआधी काय झालं? सगळ्यांनी एकच सांगितलं. शिट्टी झाली.

"तुम्ही ओरडलात?" गवेसाहेबांनी मला विचारलं.

"ओरडले."

"गाडी सुटायच्या आधी?"

"आधीच सांगायचं असतं ना, साहेब."

"जुनी गाडी आहे बाई. शिट्टी ऐकली की निघायचं, एवढंच तिला माहीत."

अंड्यांतून पिल्लं निघेपर्यंत चोच मिटून ठेवायची, तरच खडीत राहता येईल, असा निकाल झाला. आणि मी, म्हणजे मी, गप्प बसले. म्हणून तर तुम्ही आज समोर बसून माझं डोकं खाताय.

तात्पर्य: गाडी सुटणार असं दिसलं की मुकाट्याने आत जाऊन जेवायला बसावं. आत बसणाऱ्याला प्रवासी म्हणतात, आणि दगड काढणारा शेठ तो शेठच राहतो. गाडी सोडते ती आधी ओरडलेली. आमच्या जंगलात तर तिचं नाव सगळ्यांना पाठ आहे: हौसाबाई टिटवी.