मोकाश्यांच्या ताकाची आणि खाली घातलेल्या मानेची हकीकत

श्रीकृपेने शब्द सुचोत, आणि खरे सांगताना लेखणी न अडखळो. शके सतराशे बारा, साधारणनाम संवत्सरे, वैशाख मासी या दौलतीत वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. मोकाशी म्हणजे दौलतीतले थोर दाते घराणे. ऊन तापले की वेशीपाशी मांडव घालावा, आणि आल्यागेल्यास गार ताक वाढावे, आणि तेही चाकरांकरवी नव्हे, घरच्यांनी स्वहस्ते, ऐसा पणज्यांपासून शिरस्ता. आणि दुसरी रीत अशी की वाढणाऱ्याने मान खाली घालून भांडे तेवढे पाहावे, घेणाऱ्याचे तोंड पाहू नये. ती रीत कशासाठी, हे पुसण्याची फुरसत पुढे कोणास जाहली नाही. मग सुभानराव मोकाशी कर्ते जाहले. त्यांस वाटले, इतक्या पिढ्या ताक वाढले आणि कीर्ती जाहली ती म्हशींची! म्हणोन चितारी बोलाविला, आणि दरबारी टांगावयास दानाचे चित्र काढविण्याचे योजिले, आणि सरदार मंडळी पाहावयास बसविली, आणि राव जरीचा शेला पांघरून, पळी उगारून, किल्ला घ्यावयास निघाल्यासारखे उभे राहिले.

मग रांग चालली, आणि एक म्हातारी पदर पुढे ओढून आली. चितारी म्हणाला, "सरकार, बाईंचं तोंड दिसत नाही. घेणाऱ्याचं सुख दिसल्याशिवाय चित्रास शोभा नाही." रावांनी हुकूम केला, "आजीबाई, मान वर करा!" बाई हलली नाही. रावांस चढला राग, आणि सर्वांदेखत त्यांनी पळीच्या दांड्याने तिचा पदर मागे सारला. तो पाहतात काय, सख्ख्या आत्याबाई, सगुणाबाई! यांच्याच मांडीवर बसून राव पळी धरावयास शिकले. त्यांचे सासर धुळीस मिळाल्याचे कानी आले होते, आणि चौकशीस माणूस धाडू, धाडू म्हणता वर्षे गेली होती. रावांच्या हातची पळी शेल्यावर सांडली. आत्याबाई हळू बोलल्या, "दर उन्हाळ्यात येते रे. आधी तुझा बाप वाढायचा, मग तू. कुणी वर पाहत नव्हतं, म्हणून माहेरचं ताक मिळत होतं." आणि भरली वाटी तैशीच ठेवून त्या चालत्या जाहल्या. सरदारांनी मिशा चाचपीत दुसरीकडे पाहिले. धरणी पोटात घेईल तर बरे, ऐसे रावांस जाहले.

दुसरे दिवशी राव ताकाची कासांडी स्वतः उचलून, अनवाणी, पुसत पुसत कुंभारआळीत आत्याबाईंच्या दारी गेले आणि म्हणाले, "आत्याबाई, चुकलो. घरी चला." आतून शब्द आला, "ऊन फार आहे, सुभाना. भांडं ठेव आणि जा. घासून धाडते." दार काही उघडले नाही. सांजेस कासांडी आली, लख्ख घासलेली, आणि तळाशी चिमूटभर साखर. कारण कोणाचे आलेले भांडे रिकामे परत धाडू नये, ही रीत चूल थंड असलेल्या घरीही पाळतात. राव ती साखर तळहाती घेऊन बसले. लाजेने खाववेना आणि टाकवेना. अखेर मान खाली घालून जिभेवर ठेविली, आणि दात्यांचे घराणे त्या सांजेस घेते जाहले.

तात्पर्य, चित्र अपुरे राहिले आणि मांडव चालू आहे. सुभानराव अद्याप स्वहस्ते वाढतात, आणि भांड्याखेरीज काही पाहत नाहीत. आत्याबाई फिरून रांगेस येतात किंवा कसे, हे रावांस सांगता येत नाही. वर पाहिले तर येणार नाहीत, इतके मात्र ते पक्के जाणतात. घडले ते लिहिले असे.