चार रिकाम्या खोल्यांचे सावंत

इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, सावंतांच्या खिशात शिलाई मशीनच्या तेलाची कुपी असते. कुठे काही कुरकुरलं की हा माणूस बोलणं अर्धवट टाकून उठतो. दार, खिडकी, देवळाचं फाटक, काहीही. एकदा एका लग्नाच्या स्वागतसमारंभात ते नवरदेवाच्या खुर्चीखाली शिरले होते. वरपक्षाला वाटलं, अंगठी शोधताहेत. शोधायला आणखी दोघं वाकले.

"कुरकुर खंयसून येता, ता आधी बघूया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मूळचे मालवणकडचे, तरुणपण लालबागच्या गिरणीत साच्यांना, म्हणजे मागांना, तेल घालण्यात गेलं. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, कुपी राहिली.

आमची गाठ पडली ती परळच्या एका बंद पडलेल्या शाळेत. शाळेच्या तळमजल्यावर चार खोल्या आणि चार खोल्यांत चार लहान संस्था. पहिलीत आमचं वाचनकेंद्र, म्हणजे अंध विद्यार्थ्यांना अभ्यासाची पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या आम्ही बायका. दुसरीत सावंतांचं रुग्णसाहित्य. गरजूंना व्हीलचेअर, वॉकर, वॉटरबेड वापरायला द्यायचे आणि काम झालं की परत घ्यायचे. तिसरीत शेखबाईंचा शिवणवर्ग. चौथीत पाटकर सर, गावाहून उपचारांना आलेल्या लोकांचे हॉस्पिटलचे कागद भरून द्यायचे.

आता माझ्याविषयी. सात वर्षांपूर्वीची गोष्ट ही. मी तेव्हा सहासष्ट वर्षांची अल्लड पोरगी होते. अध्यक्ष झाले होते ना! लेटरहेडवर माझं नाव संस्थेच्या नावापेक्षा मोठं छापून घेतलं होतं. कार्यक्रमात शाल दुसऱ्या कुणाला आधी मिळाली तर मला दोन दिवस ॲसिडिटी व्हायची. शेजारच्या तीन खोल्यांत काय चालतं, हे डोकावून बघणं मला कमीपणाचं वाटे. त्यांनी आमच्याकडे डोकवावं, अशी मात्र फार इच्छा.

तर एक दिवस कुणकुण लागली की महापालिका शाळेच्या खोल्या परत घेणार आहे, फार तर एखादी संस्थेकडे ठेवतील. झालं! मी त्याच दुपारी महापालिकेच्या ऑफिसात अर्ज दिला. आमच्या कार्याची थोरवी दीड पान, आणि शेवटी सात्त्विक चेहऱ्याने एक ओळ: 'शेजारच्या तिन्ही खोल्या बहुधा बंदच असतात. सावंतांच्या खोलीला तर कायम कुलूप.'

आठवड्याने आम्हा चौघांना बोलावणं आलं. अधिकारी बाई माझ्या धाकट्या सुनेच्या वयाच्या. समोर एक फाइल, फाइलमध्ये चार अर्ज.

"चौघांचेही अर्ज वाचले," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाने लिहिलंय, बाकीच्या तीन खोल्या रिकाम्या असतात. म्हणजे तुमच्या चौघांच्या सहीशिक्क्याने सिद्ध झालंय, की चारही रिकाम्या आहेत. महिन्याच्या आत चाव्या आणून द्या."

चौघंही एकमेकांकडे न बघता उठलो.

बाहेर जिन्यावर मात्र तोंडं उघडली. सावंतांनी आमच्याबद्दल लिहिलं होतं, 'खोली क्वचित उघडते. तेव्हाही बाया वाचतात कमी, डोहाळजेवणे जास्त करतात.'

"एकच झालं होतं!" मी ओरडले.

"पण माका पाच मोदक इल्ले, ता काय थोडा?" सावंत शांतपणे म्हणाले.

पाटकर सर शेखबाईंवर तुटून पडले, शेखबाई त्यांच्यावर. तेवढ्यात जिन्याचं दार कुरकुरलं. सावंतांनी कुपी काढली, बिजागरीला दोन थेंब सोडले आणि पाठमोरेच बोलले, "बाई, तुमी खोटा लिवलास, मी पण खोटा लिवलंय. आता खरा लिवक व्हया. पण खरा लिवायचा तर आधी बघूक व्हया. स्वतःचा कोणी लिवायचा नाय. ज्येची जास्त निंदा केलास, त्येच्या खोलीत एक सकाळ बसा, आणि त्येचा लिवा."

"आणि स्वतःचं कोण सांगणार?" मी विचारलं.

"तुमचा मी सांगतंय. घाबरू नका, मोदक घालून सांगतंय."

दुसरा काही उपाय सुचत नव्हता म्हणून मी कबूल झाले. सोमवारी सकाळी सावंतांच्या खोलीवर गेले, तर कुलूप! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. तेवढ्यात बोळातून सावंत आले, रिकामी व्हीलचेअर ढकलत. शीवहून, म्हणजे सायनहून, परळपर्यंत चालत आणली होती. खोली बंद असायची, कारण संस्थेत माणूस एकच आणि तो रस्त्यावर.

त्यांच्याबरोबर प्रभादेवीला एका घरी वॉकर पोचवायला गेले. म्हातारे गृहस्थ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सावंतांनी आजारपणाची एका शब्दाने चौकशी केली नाही. वॉकरची उंची जुळवली, जाताना दाराला तेल घातलं. खाली आल्यावर मी फणकारले, "निदान तब्येत तरी विचारायची!"

"दर रविवारी फोन करतंय सगळ्यांका. चाकां करकरतत काय, इतक्याच विचारतंय. सांगूचा आसता तो सांगता सगळा." मग जरा थांबून म्हणाले, "वॉकर परत इलो की माणूस चालूक लागलो. वॉटरबेड परत इलो की मी पुसून ठेवतंय. विचारणंय नाय."

त्या रात्री मी दीड पान लिहायला बसले आणि सगळं अर्ध्या पानात मावलं. लेटरहेड वापरलं नाही. माझं नाव फार जागा खात होतं.

मंगळवारी सावंत आमच्याकडे आले. बी.ए.ला इतिहास घेतलेली सायली बसली होती, जन्मापासून दिसत नाही तिला. सावंतांनी चष्मा लावला आणि पुस्तक हातात घेतलं. आधी अडखळत, मग मालवणी हेल काढत वाचू लागले. तहाच्या अटी अशा वाचायचे, जणू चाळीतल्या नळाचं भांडण मिटतंय. "हयसर फसलो बघ तो," असं मध्येच म्हणायचे. सायली हसून लोळायची. जेवायची वेळ टळली तरी दोघं उठेनात.

"कर्णिक आजी," ती मला म्हणाली, "यांनाच पाठवत जा. तुम्ही वाचता तेव्हा नुसत्या सनावळ्या ऐकू येतात."

मी हसले. म्हणजे दात दाखवले.

महिना संपायच्या आत चौघं मिळून परत ऑफिसात गेलो. चाव्या पिशवीत, अर्ज हातात. मी उभी राहिले आणि सावंतांची बाजू मांडली. शेखबाईंनी पाटकर सरांची, सरांनी शेखबाईंची. अधिकारी बाईंनी तीन अर्ज मोठ्याने वाचले. चौथा, सावंतांनी आमच्याबद्दल लिहिलेला, त्यांनी मनातच वाचला, आणि फाइलमध्ये लावून टाकला. सावंत तेव्हा त्यांच्या फिरत्या खुर्चीखाली होते.

"खोटं कुठलं, तेव्हाचं की आत्ताचं?" त्यांनी विचारलं.

"तेव्हाचं," आम्ही चौघं एका सुरात म्हणालो.

"स्वतःसाठी मागणारे रोज येतात," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्यासाठी मागायला आलेले तुम्ही पहिलेच. चाव्या ठेवा तुमच्याकडेच. उद्या मीच येऊन बघते."

आल्या, तीन तास बसल्या, आणि खोल्या राहिल्या.

आता आमची चौघांची जूट वाढून तीत गिरगावापासून शीवपर्यंतच्या सोळा संस्था आहेत. नियम तोच: शेजारच्याकडे एक सकाळ बसल्याशिवाय कुठल्याही साहेबाच्या दारात जायचं नाही. मागल्या वर्षी आम्ही सोळाजण मिळून एका हॉस्पिटलच्या फाटकाशी व्हीलचेअरसाठी उतार मागून घेतला. एकेकटे मागत होतो तेव्हा आठ वर्षं कुणी ऐकलं नव्हतं. नवीन अध्यक्षमंडळी येतात, आपापली लेटरहेडं घेऊन. त्यांना बघितलं की मला माझं सहासष्टावं वरीस आठवतं, आणि मी त्यांना शेवटच्या बाकावर बसवते.

या नव्या मंडळींना दाखवायला म्हणून मी यंदा ते जुने अर्ज ऑफिसातून नक्कल करून आणले. सावंतांचा अर्ज तेव्हा पहिल्यांदा वाचला. इतकी वर्षं दर मंगळवारी ते आमच्याकडे वाचायला येताहेत. मला वाटायचं, चहासाठी येतात. मी तसं चारचौघांत बोललेही होते.

अर्ज असा:

'कर्णिकबाईंच्या खोलीत बायका रोज वाचतात. मी आधी खोटे लिहिले. मी स्वतः मंगळवारी तेथे तीन तास वाचले. माझी बायको जाऊन चार वर्षे झाली. त्यानंतर इतका वेळ माझे बोलणे कोणी ऐकले नव्हते. तरी खोली राहू द्यावी, ही विनंती.'

सावंतांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. फक्त दर मंगळवारी आता वाचन सुरू झालं की मीही एक खुर्ची ओढून मुलांच्या रांगेत बसते. इतिहासात मला काडीचा रस नाही.